माझ्या फाइलमध्ये सगळं नॉर्मल आहे

प्रति,
महाविद्यालयांचे प्राचार्य, परीक्षा विभाग आणि सर्व शिक्षक

विषय: ज्यांचे सगळे रिपोर्ट चांगले येतात अशा विद्यार्थ्यांबाबत

आदरणीय सर, मॅडम,

माझी एक निळी फाइल आहे. रक्ताच्या तपासण्या, तीन ईसीजी, थायरॉइड, मेंदूचा एमआरआय, हातापायांच्या नसांची एक तपासणी, असं सगळं तिच्यात तारीखवार लावलेलं आहे. प्रत्येक कागदाचा शेवट एकाच शब्दाने होतो: नॉर्मल. मी संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी एका अंतर्गत परीक्षेला मी गैरहजर राहिले, तेव्हा कार्यालयात वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं गेलं. मी फाइल पुढे केली. खिडकीपलीकडच्या बाईंनी ती चाळली आणि म्हणाल्या, "यात तर तुला काहीच झालेलं नाही."

हेच वाक्य ऐकायला मी वर्षभर दवाखान्यांचे उंबरे झिजवले होते. आणि ते अखेर इतक्या ठामपणे ऐकायला मिळालं तेव्हा त्याचा अर्थ होता, शून्य गुण.

बाईंवर माझा राग नाही. नियम होता, त्यांनी तो वाचून दाखवला. मला बोलायचंय ते नियमाबद्दल. तो पुरावा मागतो, आणि गंमत अशी की मला काहीतरी गंभीर आजार झालाय या माझ्या भीतीलाही दुसरं काही नको असतं. तुम्हाला मी आजारी असल्याचा पुरावा हवा, तिला मी आजारी नसल्याचा. दोघांची मागणी पुरवता पुरवता माझं दुसरं वर्ष संपलं.

सुरुवात अगदी क्षुल्लक होती. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात डाव्या पोटरीतला एक स्नायू फडफडायला लागला. पापणी लवते ना, तसा. जागरण आणि ताण एवढं कारण त्याला पुरतं, हे आज माहीत आहे. त्या रात्री मी फोनवर शोधलं आणि दहा मिनिटांत मोटर न्यूरॉन डिसीजपाशी पोहोचले. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात, असा तो आजार. २००८ साली मायक्रोसॉफ्टमधल्या रायन व्हाइट आणि एरिक होरविट्झ यांनी लोकांच्या अशा शोधांचा अभ्यास केला होता. साध्या लक्षणापासून निघालेला माणूस दुर्मीळ, गंभीर आजारांच्या पानांवर कसा जाऊन पडतो, हे त्यांनी दाखवलं. मी तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागले असेन. पण वाट तीच.

तो आजार वर्षाला लाखात साधारण दोघांना होतो, तोही बहुतेक उतारवयात. संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलीला एवढा हिशेब पुरायला हवा होता. भीतीने एकच प्रश्न विचारला: त्या दोघांत तू नाहीस कशावरून? याला संख्याशास्त्रात उत्तर नाही. असूच शकत नाही, कारण शास्त्र शक्यता सांगतं आणि मला हवी होती हमी.

या आजारात पायांची ताकद जाते, असं वाचलं होतं. म्हणून रात्री दोन वाजता मी वसतिगृहाच्या व्हरांड्यात टाचांवर चालून पाहिलं, मग चवड्यांवर. जमलं. खोलीत येऊन पडले, आणि वाटलं, नीट पाहिलं का? पुन्हा गेले. अशा चाळीस फेऱ्या झाल्या. चाळीस फेऱ्यांनंतर कुणाच्याही पोटऱ्या थरथरतात. माझ्याही थरथरल्या, आणि ती थरथर हाच माझा पुरावा ठरला.

इथे जरा थांबते, कारण हा भाग कळला नाही तर पुढचं सगळं तुम्हाला नाटक वाटेल. तपासणंच लक्षण तयार करतं. मानेतली गाठ दिवसातून तीस वेळा चाचपली की ती दुखते, आणि दुखते म्हणून आणखी चाचपली जाते. गिळताना काही अडकतंय का याकडे लक्ष ठेवून दहा वेळा कोरडा घोट घेतला तर अकरावा अडकतोच. श्वास पुरत नाही असं वाटून जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मग बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. त्या मुंग्या खऱ्या असतात! मला काही भास होत नाहीत. शरीराने दिलेल्या खऱ्या खबरीचा मी चुकीचा अर्थ लावते आणि तो तपासायला गेले की शरीर नवी खबर देतं. "मन चिंती ते वैरी न चिंती" ही म्हण मला हजारदा ऐकवली गेली आहे. म्हण खरी आहे, फक्त तिने कुणी बरं झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

वर्गात तुम्हाला यातलं काय दिसतं? एक मुलगी दाराजवळच्या बाकावर बसते. तिची दोन बोटं सतत मनगटावर असतात. तासाला दोनदा बाहेर जाते. बाकाखाली फोन पेटलेला असतो. हजेरी आहे, लक्ष नाही. तुमचा निष्कर्ष चुकीचा नसतो. लक्ष खरंच तुमच्याकडे नसतं. मी मिनिटाचे ठोके मोजत असते.

आणि एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. रक्ताच्या रिपोर्टावर जी "नॉर्मल मर्यादा" छापलेली असते, ती बहुतेक वेळा निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे वीस निरोगी माणसांतल्या एकाचा आकडा मर्यादेबाहेर जाणार हे व्याख्येतच आहे. आता एकाच निरोगी माणसाच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता किती? १ वजा ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ६४ टक्के. अशाच धर्तीचं गणित दुसऱ्या वर्षाच्या चाचणीत आलं होतं आणि मी ते पूर्ण सोडवलं. त्याच आठवड्यात माझ्या रिपोर्टात एक आकडा मर्यादेच्या केसभर वर आला आणि मी दोन वेगळ्या प्रयोगशाळांत तो पुन्हा तपासून घेतला. उत्तरपत्रिकेतली मी आणि प्रयोगशाळेच्या रांगेतली मी, आमची ओळखच नव्हती.

तेव्हा "हिला नीट समजावून सांगा" हा उपाय बाद. मला समजलेलं आहे.

या भीतीच्या आजाराला, म्हणजे आरोग्यचिंतेला, जुनं नाव आहे हायपोकॉन्ड्रिया. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ फासळ्यांच्या कूर्चेखालचा भाग, कारण दुखण्याचं मूळ पोटात आहे असं एके काळी मानत. नाव पुढे टिंगलीचं झालं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेतून ते काढलं. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात ते ठेवलं आणि त्याला ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या कुटुंबात बसवलं. मला हे दुसरं घर जास्त पटतं. हात पुन्हा पुन्हा धुणारा माणूस आणि नाडी पुन्हा पुन्हा मोजणारी मी, यांत फरक फक्त कर्मकांडाचा आहे.

आता तुमच्याकडे वळते. आमच्या एका सरांनी माझ्यासाठी जे केलं ते आठवलं की अजून गलबलतं, आणि त्यानेच माझं नुकसान झालं हे लिहिताना वाईट वाटतं. दुसऱ्या वर्षी मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घाबरलीस की मला मेसेज कर, कितीही वाजता." मी केले. ते प्रत्येक वेळी उत्तर द्यायचे: "काही नाही होणार बेटा, तू ठणठणीत आहेस." वीस मिनिटं बरं वाटायचं. मग विचार यायचा, सरांना मी फडफड सांगितली पण उजव्या पायातही होते हे सांगायचं राहिलं, म्हणजे त्यांचं उत्तर अपुऱ्या माहितीवर आहे. की पुढचा मेसेज. पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉर्विक या ब्रिटिश संशोधकांनी १९८६ सालीच हे मांडलं आहे: धीर मागणं हे या आजाराचं कर्मकांड आहे, ते क्षणभर शांत करतं आणि भीती टिकवून ठेवतं. माझ्या सरांना हे कुठून माहीत असणार? त्यांनी माणुसकी दाखवली, मी तिचा थर्मामीटर केला.

त्याच सरांनी माझी तोंडी परीक्षा पुढे ढकलून दिली. त्या संध्याकाळी मी इतकी हलकी झाले की फडफडही थांबली. यातून माझ्या मेंदूने धडा घेतला: परीक्षा टाळली की आजार जातो. पुढच्या परीक्षेच्या वेळी भीती तीन आठवडे आधीच दारात हजर. पेपर दहाला होता, आणि नऊ वाजता मी एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ईसीजी काढून घेत होते, कारण पेन धरलेला हात अशक्त वाटला होता. वर सांगितलेलं शून्य त्या दिवसाचं.

म्हणून माझी मागणी सवलतींच्या नेहमीच्या अर्जांसारखी नाही. मला परीक्षेतून सूट नको. आमच्यासारख्यांना सहज सूट देऊ नका, असंच मी म्हणेन, आणि माझ्यासारखीच भीती असलेले काही विद्यार्थी हे वाचून माझ्यावर चिडतील. त्यांनी चिडावं. ज्या दिवशी उठवतच नाही असे दिवसही असतात, आणि त्यांचा निर्णय उपचार करणाऱ्या माणसाने घ्यावा. पण सर्वसाधारणपणे, आम्हाला हॉलमध्ये बसवा. दाराजवळची जागा द्या. पाच मिनिटं बाहेर जाऊन येऊ द्या आणि ती पाच मिनिटं शेवटी भरून द्या. भीती आत येणारच आहे, तिच्यासकट पेपर लिहिता येतो हे मेंदूला एकदा तरी दिसायला हवं, आणि ते घरी झोपून दिसत नाही.

प्रमाणपत्राचा नियम मात्र बदलायलाच हवा. आज कागदावर शरीराच्या आजाराचं नाव असेल तरच गैरहजेरी ग्राह्य धरली जाते. म्हणजे माझ्यासारखीला तुम्ही सांगता, जा, आणखी तपासण्या कर, काहीतरी सापडेपर्यंत कर. याहून मोठं खतपाणी या आजाराला कुणी घालू शकणार नाही. मानसोपचारतज्ज्ञाचं किंवा मानसशास्त्रज्ञाचं एक पत्र, सत्राच्या सुरुवातीला, एकदाच घ्या. त्यात निदान लिहिण्याचीही गरज नाही. उपचार चालू आहेत आणि कोणती सोय हवी, एवढं पुरे. दर वेळी नवा कागद मागू नका. नवा कागद म्हणजे नवा डॉक्टर, नवी शंका.

या नियमाचा फटका उलट्या बाजूनेही बसतो. माझ्या वर्गातली एक मैत्रीण याच भीतीपायी डॉक्टरकडे पाऊलच टाकत नाही. काही निघालं तर? म्हणून तपासणीच नको. महाविद्यालयाच्या सक्तीच्या आरोग्य तपासणीच्या दिवशी ती कुठेतरी गायब असते. तिला एकदा खराखुरा सणकून ताप आला, चार दिवस ती खोलीत पडून होती, पण प्रमाणपत्रासाठी दवाखान्यात जावं लागेल म्हणून तिने हजेरी बुडू दिली. निदानाच्या पुस्तकांत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिलेले असतात, सतत तपासणारे आणि तपासणी टाळणारे. माझी फाइल जाड आणि तिची रिकामी. तुमच्या खिडकीवर दोघीही नापास.

समुपदेशन कक्षाबद्दल थोडं. पहिल्यांदा गेले तेव्हा मला सकारात्मक विचार करायला आणि मन रमवायला सांगितलं गेलं. मन रमवण्यासाठी आधी ते कुठेतरी ठेवता यावं लागतं. पुढे बाहेर एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दिवसातून किती वेळा तपासतेस?" मी मोजलं. एकसष्ट. त्या म्हणाल्या, बंद करू नकोस, उशीर कर. तपासावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबायचं, मग ठरवायचं. दहाची वीस झाली, विसाचा अर्धा तास. अर्ध्या तासानंतर पुष्कळदा आठवायचंच नाही की काय तपासायचं होतं. दुसरं काम जास्त कठीण होतं. एक वाक्य रोज मोठ्याने वाचायचं: "मला तो आजार असूही शकतो, आणि ते आज कळणार नाही." पहिल्या दिवशी तिसऱ्या शब्दावर आवाज फुटेना. महिन्याभराने ते वाचताना जांभई आली. बाईंनी त्या जांभईची तारीख वहीत लिहून ठेवली आहे.

भीतीसमोर उभं राहायचं आणि कर्मकांड करायचं नाही, ही पद्धत काही नवी नाही. व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये मंत्रचळाच्या दोन रुग्णांवर ती वापरून १९६६ साली प्रसिद्ध केली. खास आरोग्यचिंतेसाठीही विचार आणि वर्तन बदलण्याचे उपचार तपासले गेलेत. पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या रुग्णालयांतल्या ४४४ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पाच ते दहा सत्रांच्या उपचारांनी चिंता नेहमीच्या देखभालीपेक्षा जास्त उतरली आणि फरक दोन वर्षांनंतरही टिकला. उपचार देणाऱ्यांत या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकाही होत्या. हे मुद्दाम लिहिते, कारण "आमच्याकडे तज्ज्ञ नाहीत" हे उत्तर मला ठाऊक आहे. तुमच्या कक्षात जी व्यक्ती आज बसते तिलाच हे शिकवता येईल, आणि तिच्या आवाक्याबाहेरचं असेल तर कुणाकडे पाठवायचं एवढी यादी तिच्याजवळ असली पाहिजे. काहींना औषधंही लागतात. मला लागली. त्यांचे दुष्परिणाम वाचायचे नाहीत, काही वाटलं तर डॉक्टरांना विचारायचं, हा करार पाळणं हाच एक उपचार होता.

पुढचा आकडा खास तुमच्यासाठी आहे. माझ्यासारखं कुणी वाचत असेल तर त्याने हा परिच्छेद ओलांडून जावा, खरंच. स्वीडनमध्ये हायपोकॉन्ड्रियाचं निदान झालेल्या ४,१२९ जणांची तुलना इतर लोकसंख्येशी केली गेली आणि निष्कर्ष डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यात मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी जास्त होता आणि आत्महत्येचा धोका चौपटीहून अधिक. निदानापर्यंत पोहोचलेल्या, म्हणजे बऱ्याच त्रासलेल्या लोकांचा हा आकडा आहे, आणि संशोधकांच्या मते यातले बरेच मृत्यू टाळता येण्यासारखे होते. मरणाला इतकं घाबरणारा माणूस तिकडेच कसा जातो, हे कोडं वाटेल. एकसष्ट वेळा मोजून दमलेल्या माणसाला ते वाटत नाही. तेव्हा वर्गात कुणी "हिला आज कुठला कॅन्सर झालाय?" असं म्हणून हशा पिकवला, तर तुम्ही त्या हशात नसावं, एवढंच.

शिक्षकांनी काय बोलावं, हे मला विचारलं जातं. पहिल्यांदा कुणी सांगितलं तर पूर्ण ऐका, डॉक्टरांना दाखवलंय का ते विचारा. रक्त पडतंय, शुद्ध हरपली, ताप उतरत नाही अशा वेळी कुणीही डॉक्टरकडे जावं, आम्हीही. पण तीच शंका दुसऱ्यांदा आली तर उत्तर देऊ नका. आमच्या त्याच सरांशी मी नंतर बोलले आणि आम्ही एक वाक्य ठरवलं. मी विचारलं की ते म्हणतात, "हे उत्तर तुला मिळालेलं आहे. कालच्या असाइनमेंटचं काय झालं?" पहिल्या आठवड्यात मला ते क्रूर वाटले. त्यांनाही जड गेलं असणार. आता कधीकधी मी निम्मा प्रश्न टाइप करते, त्यांचं उत्तर मलाच ऐकू येतं आणि मी मेसेज पुसून टाकते.

मी बरी झाले का? दिवसाला नऊ वेळा तपासण्यावर आले आहे. काही दिवशी वीस. गेल्या आठवड्यात जिभेवर काहीतरी दिसलं आणि एक अख्खी संध्याकाळ गेली. निळी फाइल आता माझ्याकडे नसते, मानसशास्त्रज्ञ बाईंच्या कपाटात असते, आणि वर्षभरात तिच्यात एकच कागद वाढला आहे.

पुढच्या महिन्यात आमची अंतिम परीक्षा आहे. मी हॉलमध्ये असेन, दाराजवळ. मध्येच माझी दोन बोटं मनगटावर गेलेली पर्यवेक्षकांना दिसली, तर त्यांनी जवळ येऊन बरं वाटतंय ना असं विचारू नये. वेळ किती उरलाय, तेवढं सांगावं.

आपली,
तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी